पाच खणांचे घर

मालवणी माणसाला दोन घरे असतात. एक मुंबईत, ज्यात तो राहतो. आणि दुसरे गावी, ज्याच्याविषयी तो बोलतो. पूर्वी परळ-लालबागच्या खोलीत पाय लांब करायला जागा नसली, तरी गावच्या घराचे वर्णन करताना त्याला दोन्ही हात अपुरे पडत. पुढे खोली जाऊन ब्लॉक आला, ब्लॉकाला लिफ्ट आली. पण गावच्या घराचे वर्णन काही बदलले नाही. फणसाचे खांब, शेणाने सारवलेले खळे, माजघरातला अंधार आणि चतुर्थीला एकाच पंगतीला बसलेली चाळीस माणसे! अलीकडे मात्र या वर्णनाच्या शेवटी एक सुस्कारा ऐकू येतो, आणि त्या सुस्काऱ्यामागून हटकून एक प्रश्न येतो : घर ठेवावे, की पाडावे?

हा प्रश्न आमच्या एका मित्राच्या घरी गेली तीन वर्षे चर्चेला होता. घर चौके आणि मालवण यांच्या दरम्यान, रस्त्यापासून जरा आत. हिस्सेदार तीन चुलतभाऊ, आणि मते अर्थातच तीन. थोरल्याचे म्हणणे, सरळ पाडा आणि स्लॅब घाला. धाकट्याने मोबाईलवर कुठलेसे परदेशी घर पाहिलेले. सकाळी ट्रकमधून भिंती उतरतात आणि संध्याकाळी यजमान खिडकीत बसून कॉफी पितो. त्याला तसले 'मॉड्युलर' घर हवे होते. आमचा मित्र मधला. आहे तेच घर दुरुस्त करावे एवढेच त्याला वाटे. पण का वाटते ते त्याला सांगता येत नसे. आणि घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या काकींना कोणी विचारले नव्हते. शेवटी एका जानेवारीत, "तू बरोबर चल, तिऱ्हाईत माणसाला नीट दिसते," असे म्हणून मित्राने मला गाडीत घातले.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून हा प्रवास म्हणजे एका झोपेचे काम झाले आहे. पहाटे कुडाळला उतरलो. स्टेशनाबाहेर थंडी होती, चहा होता आणि रिक्षावाल्याचा तिकडचा खास प्रश्न होता : "खय जावचा हा?"

कुडाळहून मालवणच्या वाटेला लागले की नेरूरपारला कर्ली नदी ओलांडावी लागते. पुढे काळसे, धामापूर, चौके. धामापूरला रस्त्याला लागूनच तळे आहे. १५३० साली बांधलेले, डोंगराच्या ओंजळीत धरलेले पाणी. २०२० साली या तळ्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. पाणी कसे अडवायचे हे ज्या मुलखाने पाच शतकांपूर्वी ओळखले, त्या मुलखाला घरात येणारे पाणी कसे थोपवायचे हेही ठाऊक असणारच. उतरत्या छपरांकडे पाहावे म्हणजे पटते.

पण त्या वाटेवर मला छपरांपेक्षाही एक वेगळी गंमत दिसली. जुन्या कौलारू घरांच्या मधून मधून गुलाबी, पोपटी रंगांची स्लॅबची घरे उभी राहिली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या स्लॅबवर लोखंडी खांब रोवून पत्र्याचे उतरते छप्पर घातलेले आहे. आधी छप्पर नको म्हणून स्लॅब घातला आणि मग स्लॅब गळतो म्हणून छप्पर! सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. सपाट छपरावर एवढे पाणी वाट पाहत उभे राहिले, तर ते कुठून ना कुठून आत यायचेच. शिवाय खारी हवा. सिमेंटमधल्या सळईपर्यंत मीठ पोहोचले की सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की वरचे सिमेंट फोडून टाकते. वाळू खाडीची आणि न धुतलेली असेल तर हे मीठ बाहेरून यायचीही गरज नाही. ते आपण स्वतःच पैसे देऊन आणलेले असते. म्हणजे 'लाकडाला निगा लागते, स्लॅबला काही लागत नाही' हा थोरल्या बंधूंचा पहिला मुद्दा चौके येईपर्यंत निम्मा गळून गेला होता.

घर पाहिले. चौपाखी छप्पर, पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर आणि मागे स्वयंपाकघर. जोते जांभ्या दगडाचे, चिऱ्यावर चिरा बसवलेले. भिंतीही चिऱ्याच्याच, पण छप्पर भिंतींवर नव्हते. ते होते खांबांवर. खांबांवर तुळया, तुळयांवर आढ्यापर्यंत चढत गेलेला सांगाडा, त्यावर वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर मंगळुरी कौले. पूर्वी इथे कुंभाराच्या हातची नळीची कौले असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथली चपटी, खाचेत खाच अडकणारी कौले गलबतांतून साऱ्या किनाऱ्यावर पोहोचली. एका मापाची, एका साच्याची, कोणत्याही घरावर बसणारी, फुटले तर तेवढे एकच बदलता येणारे कौल! मॉड्युलर म्हणून धाकटे बंधू ज्याच्या मागे लागले होते ते त्यांच्या आजोबांच्या छपरावर कधीच येऊन बसले होते.

दुपारी मेस्त्री आले. वय सत्तरीच्या पुढे, खांद्याला पिशवी, पिशवीत पटाशी, किकरे, गुण्या आणि ओळंबा. त्यांनी कोणाशी काही न बोलता पटाशीच्या मुठीने एकेक खांब वाजवून पाहिला. डॉक्टर छाती ठोकून पाहतो तसे. भरीव आवाज आला की पुढे जायचे, पोकळ आला की पटाशीचे टोक घुसवून पाहायचे. चोवीस खांबांपैकी पाच त्यांनी बाजूला काढले. तेही पूर्ण नव्हेत, फक्त पायाशी. "वयलो भाग अजून शंभर वर्सा हलूचो नाय," ते म्हणाले. मागल्या पिढीत कोणीतरी ओटीची जमीन उंच करून फरशी घातली होती. त्या वेळी खांबांचे पाय फरशीत आणि सिमेंटात गाडले गेले. तोवर ते दगडी तळखड्यावर मोकळे उभे होते; पाणी लागले तरी वाऱ्याने सुकत होते. गाडल्यावर ओल आत कोंडली आणि खांब कुजले.

या एका गोष्टीत लाकडी बांधकामाचे निम्मे शास्त्र आले. लाकूड पाण्याने कुजत नाही, साचलेल्या ओलीने कुजते. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत राहिला, तर बुरशीला त्यात जगता येत नाही. म्हणूनच जोते उंच हवे, खांबाखाली दगड हवा, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढलेले हवे आणि वारा खेळायला वाट हवी. नॉर्वेत बोर्गुंड गावी बाराव्या शतकाच्या अखेरीचे एक लाकडी चर्च आजही उभे आहे. तेही दगडी जोत्यावर, उतरत्या छपराखाली. नॉर्वेचे सुतार आणि मालवणचे मेस्त्री एकमेकांना कधी भेटले नाहीत. पाऊस मात्र दोघांनाही भेटला.

मेस्त्रींचा शब्दच असा होता : "आधी पावसाक विचारा, मगे माका."

चहा झाला आणि मग खऱ्या सभेला सुरुवात झाली. थोरले बंधू मुंबईहून फोनवर हजर होते. लाकडी घर म्हटले की लोक जे जे विचारतात ते सारे त्यांनी क्रमाने विचारले, आणि मेस्त्रींनी तितक्याच क्रमाने उत्तरे दिली. त्यात माझी पदरची भर घालून ती इथे देतो. कारण हे प्रश्न एका घरापुरते नाहीत.

पहिला प्रश्न, वाळवीचा. वाळवी जमिनीतून चढते, मातीची नळी करून चढते. उघड्या दगडी जोत्यावर ती नळी डोळ्यांना दिसते आणि झाडूने झाडता येते. भिंतीच्या आत लपवलेल्या लाकडाला चढली तर मात्र चौकट हातात येईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून लाकूड दिसले पाहिजे, हा नियम. दुसरा शत्रू भुंगा. तो लाकडातले पिठूळ सत्त्व खायला येतो. पूर्वी तोडलेले ओंडके महिनोन्महिने तळ्यात किंवा खाडीच्या चिखलात बुडवून ठेवीत, ते हे सत्त्व निघून जावे म्हणून. मेस्त्री म्हणाले, "लाकूड आपणहून मरना नाय, तेका मारूचा लागता." मरायचे म्हणजे पुन्हा फुगायचे, वाकायचे, चिरायचे थांबायचे. वर आणखी एक रक्षक होता : चुलीचा धूर. माळ्यावरचे वासे काळे कुळकुळीत दिसत, पण त्यांना कीड शिवत नसे. गॅस आला, सुनांचे डोळे वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण वाशांचे धुराचे कवच गेले, तेव्हा त्याच्या जागी दुसरे काही द्यायला हवे. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचे तेल इकडे अजून मिळते. टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाचा हात दिला तरी भुंगा दूर राहतो.

दुसरा प्रश्न, आगीचा. लाकूड जळते, यात वाद नाही. पण जाड खांब पेटला की त्याच्याभोवती कोळशाचा थर धरतो आणि तो थरच आतल्या लाकडाला झाकतो. आग मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर आत शिरते. उलट उघडे लोखंड साडेपाचशे-सहाशे अंशांच्या उष्णतेत निम्मे बळ गमावून बसते आणि लवते. म्हणजे भीती जाड खांबांची नाही. भीती आहे ती चिपाट फळ्यांची, जुन्या उघड्या विजेच्या तारांची आणि माळ्यावर रचलेल्या सोडणांची. त्या घरात माळ्यावर सोडणे होती आणि तारा १९८० च्या सुमाराच्या होत्या. मेस्त्रींनी लाकडाला पास केले आणि वायरिंगला नापास.

तिसरा, वादळाचा. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याला घासून गेले. माड पडले, विजेचे खांब पडले, कौले आणि पत्रे उडाले. वादळात छप्पर खाली दाबले जात नाही, वर ओढले जाते. वारा छपरावरून वेगाने जाताना त्याला उचलू पाहतो. दोन पाख्यांच्या छपराची त्रिकोणी भिंत वारा अंगावर घेते. चौपाखी छप्पर त्याला चारी बाजूंनी उतार देते. तेव्हा आजोबांनी चौपाखी घर बांधले ते केवळ रुबाबासाठी नव्हे. उणीव एकच : वासे नुसते तुळईवर टेकवलेले आणि खिळ्यांनी ठोकलेले, खारट हवेत खिळे गंजून गेलेले. तिथे न गंजणाऱ्या पोलादाच्या पट्ट्या हव्यात. जिथे कुसू काढून खाचेत बसवले होते आणि लाकडी मेख मारली होती, तिथे मात्र सांधा जसाच्या तसा होता.

भूकंपाचेही थोरल्यांनी विचारले. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का त्या घराने पाहिला होता. काकी तेव्हा नव्या नवरी. भांडी पडली, कौले सरकली, घर करकरले आणि पुन्हा गप्प बसले. लाकडी सांगाडा सांध्यांतून थोडा हलतो आणि धक्का जिरवतो. दगडी भिंत तशी हलत नाही, ती पडते. पण छप्पर खांबांवर असेल तर भिंत पडली तरी छप्पर माणसांच्या डोक्यावर येत नाही.

आता धाकट्या बंधूंची पाळी. त्यांचे म्हणणे असे, की आपले खांब-वासे ठीक. पण जग पुढे गेले. कारखान्यात भिंती तयार होतात, जागेवर आणून जोडतात. हे अगदी खरे. नॉर्वेत ब्रूमुंडाल गावी २०१९ साली मजबुतीने चिकटवलेल्या लाकडाची पंचाऐंशी मीटर उंच, अठरा मजली इमारत उभी राहिली. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. फाळणीनंतर निर्वासितांसाठी झटपट घरे हवीत म्हणून १९४८ साली सरकारने दिल्लीला घरांचा कारखाना काढला होता. भिंतींचे तक्ते साच्यात ओतून घर जोडायचे, अशी योजना. पहिल्या तक्त्यांना तडे गेले आणि ती योजना फसली. परक्या हवेतला साचा इकडच्या हवेत जसाच्या तसा चालत नाही, हा त्यातला धडा.

पण मेस्त्रींनी दिल्लीपर्यंत जाण्याची तसदी घेतली नाही. त्यांनी धाकट्यांना एवढेच विचारले, "घर किती खणांचा?"

वाचकहो, हा खण म्हणजेच धाकट्यांचे मॉड्यूल! दोन खांबांमधली, दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. जुन्या कागदांत घराचे माप फुटांत नसे, खणांत असे. तीन खणांचे घर, पाच खणांचे घर. खण ठरला की तुळईची लांबी ठरली, वाशांची संख्या ठरली, लाकूड किती लागेल तेही ठरले. मेस्त्री आपल्या अंगणात सारे सांधे कापून, जुळवून, प्रत्येक लाकडावर पटाशीने खूण करून ठेवी. आणि मग चांगल्या दिवशी सांगाडा उभा करी. कुटुंब वाढले की एक खण वाढवायचा. जपानातही घर चटयांच्या मापात मोजतात, ते याच न्यायाने. मित्राच्या माजघरातल्या तुळईवर मी टॉर्च मारून पाहिले. तिथे खरोखरच तीन तिरक्या रेघा आणि खांबाच्या माथ्यावरही तशाच तीन रेघा होत्या. हे लाकूड त्याच लाकडाचे, असा त्यांचा अर्थ.

आणि खण काढताही येतो. खळ्यातला माटव आठवा. पाऊस सरला की मेढी उभ्या राहतात, वर चुडतांचे झाप पडतात. लग्ने, मुंजी, उन्हाळवाळवण त्याखाली उरकते आणि मृगाच्या आत तो उतरून ठेवतात. दर वर्षी उभारायचे आणि दर वर्षी उतरायचे घर! चतुर्थीला गणपतीवर टांगायची माटवी म्हणजे तरी काय? लाकडी चौकटच. वर्षभर माळ्यावर आणि पाच दिवस देवाच्या डोक्यावर. सुटे करून पुन्हा जोडता येणे हा लाकडी सांगाड्याचा स्वभाव आहे. म्हणून तर चेन्नईजवळ दक्षिणचित्र येथे केरळातली, तमिळनाडूतली जुनी घरे उतरवून, आणून, पुन्हा उभी केलेली पाहायला मिळतात. दुर्दैवाने कोकणातली घरेही उतरतात. फक्त ती पुन्हा उभी राहत नाहीत. खांब एखाद्या हॉटेलाच्या शोभेला जातात आणि दरवाजाचे टेबल होते.

मग बाहेरून तयार घर आणायचेच नाही का? आणावे, पण रस्ता पाहून. कोल्हापूरकडून यायचे तर फोंडा, करूळ किंवा आंबोली, कोणता ना कोणता घाट उतरायला हवा. मालमोटारीची रुंदी कायद्याने २.६ मीटर. तेवढ्या रुंदीची अख्खी खोली आणली तर त्यात खाट मावेल, पण खाटेशेजारी ऐसपैस वावरायला जागा उरणार नाही. त्यापेक्षा सुट्या भिंती किंवा सुटा सांगाडा आणणे शहाणपणाचे. लाकूड कांडला बंदरात उतरलेले न्यूझीलंडचे पाइन असेल, तर दाबाखाली औषध मुरवलेलेच घ्यावे. ते मऊ लाकूड इथल्या पावसाच्या ओळखीचे नाही. भिंतींचे तक्ते परदेशात थंडी बाहेर ठेवण्यासाठी बंद डब्यासारखे करतात. आपल्याला ओल बाहेर घालवायची असते. तेव्हा वारा खेळेल अशी रचना मागून घ्यावी.

परवानगीचेही सांगून टाकतो, कारण यात फार गैरसमज आहेत. लाकडी आहे, काढता-घालता येते, चाकांवर आहे, म्हणून बांधकाम नव्हे, हा समज किनाऱ्यावर महागात पडतो. भरतीरेषेजवळच्या जागेला १९९१ पासून किनारपट्टी नियमनाचे नियम आहेत. आधी जागा कोणत्या पट्ट्यात येते ते पाहावे, मग ग्रामपंचायतीत जावे, मगच लाकूड मोजावे. आणि झाड स्वतःच्या परड्यातले असले तरी साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा यांसारख्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागू आहे. वनखात्याची परवानगी लागते. एके काळी तर सरकारलाच लाकडाचे वावडे झाले होते. जंगले वाचावीत म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ साली इमारतींत लाकूड वापरायला बंदी केली; ती २०२० साली उठली. लावलेले झाड तोडून पुन्हा लावता येते, पण सिमेंटची खाण पुन्हा भरत नाही, हे मधल्या काळात ध्यानात आले असावे.

संध्याकाळी आम्ही तारकर्लीला गेलो. समुद्र शांत होता. माडांच्या रांगेत पर्यटकांसाठी लाकडी, बांबूच्या आणि लोखंडी डब्यांच्याही खोल्या उभ्या होत्या. एका लोखंडी डब्याला दोनच पावसांत गंजाची झालर लागली होती आणि त्याशेजारी माडाच्या सोटाचे खांब आणि पोफळीच्या रिपा घालून केलेली खोपी निवांत उभी होती. माड हे काही खरे लाकूड नव्हे. पण जून माडाचा बाहेरचा भाग असा टणक असतो की करवतीला घाम फुटतो. किनाऱ्यावरच्या गरीब माणसाने साग परवडत नाही म्हणून कधी रडत न बसता माडाचे वासे केले आणि पोफळीच्या रिपा. घर त्याच्या परड्यातूनच उगवले.

दुसऱ्या दिवशी कुडाळला परतताना औद्योगिक वसाहतीतल्या 'कॉनबॅक'मध्ये गेलो. कोकण बांबू व केन विकास केंद्र हे त्याचे पूर्ण नाव; २००४ साली ते सुरू झाले. सिंधुदुर्गाच्या बांधाबांधावर माणगा जातीचा बांबू आहे. बिनकाट्याचा, सरळ आणि जवळजवळ भरीव. आजवर त्याला काठी आणि कुंपण यांपलीकडे फारशी किंमत नव्हती. इथे तो तीन-चार वर्षांचा झाल्यावर निवडून घेतात, औषधात मुरवतात, सुकवतात आणि त्याचे फर्निचर, मंडप, घरांचे सांगाडे करतात. खांब, कैच्या, तक्ते कारखान्यात करून बाहेरगावी जोडायला न्यायचे, ही धाकट्या बंधूंच्या स्वप्नातली कल्पना त्यांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर अशी नांदत होती! पूर्वी बांबू कायद्याने झाड होता आणि तोडायला-न्यायला परवान्यांचे झंझट होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. बांबूच्या बांधकामाला आता भारतीय मानक ब्युरोचे मानकही आहे. त्याचा क्रमांक १५९१२. इमारती लाकडाचा ८८३. इंजिनियर 'लाकडाचा हिशेब येत नाही' म्हणाला, तर त्याला हे दोन आकडे सांगावेत.

राहिला शेवटचा प्रश्न, खर्चाचा. नवा साग विकत घेऊन घर बांधायचे म्हटले तर ते स्लॅबपेक्षा महाग पडेल, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्याच्या डोक्यावर आधीच एकोणीस धड खांब आणि पंधरा तुळया उभ्या आहेत त्याने हिशेब वेगळा करायला हवा. पाडणारा कंत्राटदार 'जुने लाकूड आम्ही घेऊन जाऊ' असे उपकाराच्या स्वरात म्हणतो तेव्हा तो उपकार कोण कोणावर करतो आहे, ते पाहावे.

खरी अडचण पैशाची नाहीच. ती काकींनी सांगितली. कालपासून त्या चहा देत होत्या, ऐकत होत्या. मित्राने शेवटी त्यांना विचारले, "काकी, तुम्हांला काय वाटता?"

"माका काय वाटूचा हा रे झिला?" त्या म्हणाल्या. "स्लॅब घाला नायतर लाकूड घाला. मे महिन्यात कौलां चाळूक छपरार कोण चढतलो, ता माका सांगा."

सभा गप्प झाली. पूर्वी गावात कौले चाळणारे गडी होते; आता नाहीत. माकडांच्या टोळ्या आठवड्याला पाच-दहा कौले फोडतात. गेल्या तीन पावसांत काकी एकट्या रात्री उठून गळतीखाली भांडी सरकवीत होत्या, आणि मुंबईत तीन भाऊ वारसा या विषयावर बोलत होते. मेस्त्रींचा मुलगाही कसबी सुतार. पण तो गोव्यात हॉटेलांची लाकडी कामे करतो. कारण त्याला तिथे रोज काम मिळते आणि गावात तीन वर्षे नुसती चर्चा चालते.

त्या रात्री फोनवर तिघांचे बोलणे बराच वेळ चालले होते. ठरले ते असे. सांगाडा ठेवायचा. पाच खांबांचे कुजलेले पाय कापून तिथे जुन्या ऐनाचे तुकडे सांध्याने जोडायचे आणि खाली पुन्हा दगड द्यायचा. कौले उतरवून रिपा नव्या घालायच्या, कौलांखाली पाणी अडवणारा थर द्यायचा आणि वर माकडांसाठी जाळी. न्हाणीघर आणि संडास मागे, चिऱ्याचे आणि वेगळे. पाणी लाकडापासून लांब. थोरल्यांचा सिमेंटचा हट्ट तिथे पुरा झाला. बाजूला माणग्याच्या सांगाड्याचा एक नवा खण, कुडाळहून तयार करून आणायचा, तो धाकट्यांचा. आणि दर वर्षी मे महिन्यात तिघांपैकी एकाने पाळीने पंधरा दिवस येऊन छप्पर पाहायचे. हे शेवटचे कलम काकींनी कागदावर लिहून घेतले आणि तिघांच्या सह्या मागितल्या. मेस्त्रींच्या मुलाला गोव्याहून चार महिन्यांसाठी बोलावले. तो रोजाच्या पुऱ्या दरावर आला आणि बापाने त्याला कुसवांचे सांधे पुन्हा एकदा दाखवले.

काम मेअखेर झाले. या चतुर्थीला माटवी जुन्याच तुळईला टांगली होती, असे मित्र सांगत होता. आणि जूनपासून काकींनी भांडी काढलेली नाहीत.

आपलेही घर असे पाडण्याच्या वाटेवर असेल, तर एक करा. कंत्राटदाराला बोलावण्याआधी एका म्हाताऱ्या मेस्त्रीला बोलवा आणि त्याला खांब वाजवून पाहू द्या. तासाभराचे काम आहे. घरात जे माणूस राहते त्याला विचारायला तर तेवढाही वेळ लागत नाही.